कपाटाची किल्ली घेतलीत, आत काय होतं ते विचारायचं राहिलं

आदरणीय प्राचार्य, संस्थाचालक, आणि विद्यापीठाच्या अधिसभेत, विद्या परिषदेत, अभ्यास मंडळांत बसणारे सोलापूर जिल्ह्यातले सगळे सर आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी सोलापूरचीच. एमएस्सी झूलॉजी केलं आणि आता अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते. या पत्रात कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला कुणाची तक्रार करायची नाहीये, आणि ज्या सरांबद्दल लिहिते त्यांचंही नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. पण तुमच्यापैकी प्रत्येकाच्या ओळखीत असे एक तरी सर किंवा मॅडम असणारच, ज्यांनी तीस-पस्तीस वर्षं एकाच विषयाचा पिच्छा पुरवला आणि मग एका दुपारी शाल-श्रीफळ घेऊन घरी गेले. त्यांनी जमवलेले नमुने, स्लाइड, डायऱ्या असं त्यांच्या मागे जे राहतं त्याचं काय होतं, एवढंच मला लिहायचंय.

सर रिटायर होऊन दोनेक वर्षं झाली असतील. मे महिन्याच्या सुट्टीत लॅबमधल्या मामांचा फोन आला, "ताई, सरांची कपाटं खाली करालेत, तुम्ही एकदा येऊन बघून जावा." मी गाडी काढली आणि गेले. लॅबच्या मागच्या बाजूला, बोअरच्या शेजारी, भंगारवाला काट्यावर बरण्या तोलत होता. बरण्या रिकाम्याच पाहिजेत असं त्याचं म्हणणं, म्हणून आतलं नमुने टिकवायचं फॉर्मॅलिन, स्पिरिट गटारीत ओतलेलं, त्या वासानं डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि आतले मासे बाजूला उन्हात ढीग करून टाकलेले. वाम होते, मरळ होते, मांगूर होते. दुपारच्या त्या उन्हात वाम वाळून चामड्याच्या पट्ट्यासारखे झाले होते. भंगारवाला चांगला माणूस, मला म्हणाला, "काय शोधालाव मॅडम, त्यात काही नाही." मी चिठ्ठ्या शोधत होते. बरणीच्या आत, त्या द्रवात, माशाबरोबर एक कागदाची बारीक चिठ्ठी असते, पेन्सिलनं लिहिलेली. शाई स्पिरिटमध्ये विरघळते, पेन्सिल टिकते, म्हणून सर आम्हाला पहिल्याच दिवशी सांगायचे की पेन विसरलात तर चालेल, पेन्सिल विसरू नका. त्या चिठ्ठीवर तारीख, ठिकाण, मासा, कुणी पकडला, सगळं असतं. ढिगातला मासा आणि त्याची चिठ्ठी एकदा वेगळी झाली की तो नुसता मेलेला मासा. चिठ्ठ्या मिळाल्या मला, तेवीस. त्या कुठल्या माशाच्या ते आता कुणीच सांगू शकणार नाही.

मला चार पेट्या स्लाइड वाचवता आल्या आणि सहा डायऱ्या. बाकी सगळं गेलं.

हे कुणी वाईट हेतूनं केलेलं नाही हे मला माहितीय. कॉलेजचं मूल्यांकन करणारी नॅकची कमिटी येणार होती, ती खोली पाहिजे होती, कपाटं जुनी होती, डेडस्टॉक रजिस्टर बघून जुन्या सामानाचं निर्लेखन झालं, सह्या झाल्या, सगळं नियमानं झालं. मी ते रजिस्टर नंतर बघितलं, त्यात नोंद होती 'काचेच्या बरण्या' आणि पुढं नगांची संख्या. म्हणजे बरणी कॉलेजची होती आणि तिचा हिशोब होता. आतला प्राणी कुठल्याच रजिस्टरात नव्हता. ज्यासाठी बरणी आणली त्याचीच नोंद नाही. आणि हे एका कॉलेजचं नसणार, कारण मी ज्यांना ज्यांना हे सांगितलं, त्यातल्या निम्म्या लोकांनी "आमच्याकडं पण असंच झालं" म्हणून स्वतःची गोष्ट सांगितली.

सर काय करायचे ते थोडं सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मेलेल्या माशांसाठी ही बाई एवढं लांबलचक का लिहायलीय. सरांचा विषय माशांच्या पोटातले फितकृमी, म्हणजे टेपवर्म, फितीसारखे चपटे जंत. ऐकायला घाण वाटतं, आम्हालाही वाटायचं. आपल्याकडं आणि शेजारी मराठवाड्यात तर जास्तच, या विषयात काम करणाऱ्यांची मोठी परंपरा आहे, कारण मासा कुठंही मिळतो, मायक्रोस्कोप प्रत्येक कॉलेजात असतो आणि मोठ्या ग्रांटवाचून काम सुरू करता येतं. सर शिवाजी विद्यापीठाच्या काळातले, आपलं विद्यापीठ २००४ ला वेगळं झालं त्याच्या खूप आधीचे. पहिली काही वर्षं तासावर काढली, एका कॉलेजात सकाळी, दुसऱ्या कॉलेजात दुपारी, पगार कधी येईल त्याचा भरवसा नाही. आज तासिका तत्त्वावर काम करणारी आमची मुलं-मुली जे भोगतात तेच. नंतर कायम झाले, मग पीएचडीचं रजिस्ट्रेशन, आणि ते काम सगळं नोकरी करून, म्हणजे पहाटे आणि रात्री.

पहाटेची एसटी धरून उजनीच्या काठावर जायचं, होड्या काठाला लागायच्या आत पोचायचं. भोई लोकांशी त्यांचा ठराव असा की मासा तुमचा, आतडं माझं. नंतर नंतर तर ते लोकच सरांसाठी आतडी बाजूला काढून ठेवायचे. मीठ घातलेल्या पाण्याची बाटली, एक ब्लेड, दोन सुया आणि ती डायरी. कृमी जिवंत असतानाच काढायचा, मेला की आक्रसतो आणि मग त्याचे अवयव नीट दिसत नाहीत. दोन काचांमध्ये हलकेच दाबून फिक्स करायचा, मग बोरॅक्स कार्माइनमध्ये रंगवायचा, जास्तीचा रंग काढायचा, मग तीस टक्के, पन्नास, सत्तर, नव्वद असं एकेक पायरीनं स्पिरिट चढवत त्यातलं पाणी काढायचं, आणि शेवटी लवंगेच्या तेलात टाकायचा. तेलात गेला की तो कृमी हळूहळू काचेसारखा पारदर्शक होतो आणि आतलं सगळं गुलाबी होऊन दिसायला लागतं, वृषण, अंडाशय, अंड्यांनी भरलेलं गर्भाशय. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा लॅबभर लवंगेचा वास सुटला होता. आजही दात दुखतो म्हणून कुणी लवंगेचं तेल लावलं की मला ती लॅब आठवते. एका चांगल्या स्लाइडला चार-पाच दिवस जायचे, आणि दहा केल्या तर त्यातल्या तीन-चारच चांगल्या निघायच्या.

यातून कळतं काय, तर मासा जिथं राहतो तिथल्या चिखलात काय चाललंय ते कळतं. मांगूरमध्ये एका गटाचे फितकृमी सापडतात, त्यांना आपल्या नेहमीच्या फितकृमीसारखे खंड नसतात, सगळं शरीर एकसंध. त्यांची अंडी पाण्यात पडतात, तळाच्या गाळातले बारीक गांडुळासारखे कृमी ती खातात, आणि मांगूर त्या कृमींना खातो. म्हणजे तुम्हाला मांगूरच्या पोटात हा फितकृमी मिळाला, याचा अर्थ गाळात ते बारीक कृमी होते. नाही मिळाला, पूर्वी मिळायचा आणि आता मिळत नाही, तर मग गाळात काहीतरी बदललंय. हिप्परग्याच्या तलावाचं असो, संभाजी तलावाचं असो, पुणे-पिंपरीकडचं सांडपाणी पोटात घेणाऱ्या उजनीचं असो, तीस वर्षांचा असा रेकॉर्ड म्हणजे त्या पाण्याची जन्मपत्रिकाच की. उजनी धरण १९८० ला पूर्ण झालं. वाहती भीमा थांबून ११७ टीएमसीचं साठलेलं पाणी झालं, त्यात चिलापी वाढला. हा मासा मुळात आफ्रिकेतला, भारतात १९५२ मध्ये आणलेला. त्यानंतर आपल्या जुन्या माशांचं काय झालं, त्यांच्या पोटातल्या जिवांचं काय झालं, हे वर्षानुवर्षं बघत बसणारी माणसं किती असतील? मला माहीत असलेले आमचे एक सर होते.

नान्नजला माळढोक पक्षी होते म्हणून १९७९ ला अभयारण्य झालं, कागदावर ८४९६ चौरस किलोमीटर, नंतर ते कमी करून १२२२ वर आणलं. माळढोक आता दिसला तरी बातमी होते. पण निदान त्याची मोजणी होते, तो किती होता आणि किती राहिला ते लिहून ठेवलेलं आहे, त्याच्यासाठी सुप्रीम कोर्टापर्यंत लोक गेले. गाळातल्या कृमीसाठी कोर्टात कोण जाणार? तो होता याचा पुरावा फक्त त्या बरणीत होता.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला पाहिजे, नाहीतर तुमच्यातले विषय जाणणारे म्हणतील की ही फक्त कौतुक करते. या क्षेत्रात चुकीचं काम पण भरपूर झालंय. २०११ साली युरोपातल्या आणि भारतातल्या काही संशोधकांनी मिळून मांगूरमधल्या याच बिनखंडाच्या फितकृमींचा सगळा आढावा घेतला, त्यात आजवर नाव दिलेल्या ५९ जाती होत्या आणि त्यांनी ग्राह्य धरल्या फक्त ८. बाकीच्या? त्याच त्याच जिवाला पुन्हा पुन्हा नवं नाव दिलेलं. कृमी नीट फिक्स केलेला नाही, आक्रसलेला, वाकडा झालेला, त्यावरून मापं घेतली आणि नवी जात जाहीर केली. हे वाचलं तेव्हा मला खूप वाईट वाटलं, मी तडक सरांकडं गेले होते, वाटलं त्यांना राग येईल. त्यांना नाही आला. त्यांनी चहा टाकायला सांगितला आणि म्हणाले की यातल्या काही चुका आमच्या पिढीच्या आहेत, माझ्याही एक-दोन जाती टिकणार नाहीत, पण ते ठरवायचं तर कुणीतरी माझी स्लाइड मायक्रोस्कोपखाली ठेवून बघितली पाहिजे, माझ्या पेपरवर भरवसा ठेवू नका म्हणावं, माझी काच बघा.

आणि ती काचच आपण भंगारात घालतो. बरोबर असलेलं काम बरोबर आहे हे सिद्ध होत नाही आणि चुकलेलं चुकलंय हेही नाही, दोन्ही तसंच लटकून राहतं.

हा नियम काही सरांच्या मनचा नाही. प्राण्यांना नावं देण्याचा एक आंतरराष्ट्रीय कोड आहे, त्याची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू झाली, आणि त्यात स्पष्ट आहे की नवी जात जाहीर करताना एक मूळ नमुना ठरवायचा, त्याला होलोटाइप म्हणतात, आणि तो कुठल्या संग्रहात ठेवलाय किंवा ठेवणार आहे ते लिहायचं. आता आपल्या कॉलेजातल्या लोकांनी काय लिहावं? बरेच जण लिहितात 'विभागाच्या संग्रहात'. मग विभागाचा संग्रह म्हणजे काय हो? सरांच्या कपाटाचा खालचा कप्पा. छापील पेपरमध्ये आपल्या कॉलेजचं नाव जगाला सांगतंय की मूळ नमुना आमच्याकडं आहे, येऊन बघा, आणि इकडं तो कप्पाच रिकामा झालेला. उद्या परदेशातून कुणी पत्र पाठवलं की अमुक स्लाइड बघायला द्या, तर प्राचार्य साहेब, तुम्ही काय उत्तर देणार?

हे नमुने हरवले की काय होतं त्याचं एक जुनं उदाहरण आपल्याच भीमेच्या खोऱ्यातलं आहे. कर्नल साइक्स नावाचा कंपनी सरकारचा अधिकारी दख्खनमध्ये फिरला आणि इथल्या माशांची वर्णनं त्यानं १८३९ च्या सुमारास छापली. नावं देताना त्यानं इथल्याच लोकांच्या तोंडची नावं घेतली, नुक्ता, कोलस, खुद्री, ती आजही शास्त्रीय नावांत तशीच आहेत. त्यातलाच एक मासा 'मुसल्ला', शिरूरजवळच्या घोड नदीतला, म्हणजे पुढं भीमेत येऊन आपल्याकडं येणारं पाणी. तो नक्की कुठला मासा यावर दीडशे वर्षांहून जास्त गोंधळ चालला, कित्येक जण त्याला महसीर समजत राहिले, पार आत्ता आत्ता या शतकात त्यावर पुन्हा पेपर लिहावे लागले की नाही, तो महसीर नाही, वेगळ्या गटातला आहे. का? तर उघडून बघायला साइक्सचा मूळ मासा हाताशी नव्हता. वर्णन आणि चित्र यावरच वाद. साइक्सच्या काळात सोयी नव्हत्या. आज आपल्याकडं आहेत.

आणि जुन्या नमुन्यांतून पुढं काय निघेल ते आज कुणालाच सांगता येत नाही. इंग्लंडमध्ये लोकांना पक्ष्यांची अंडी गोळा करायचा नाद होता, आज तो गुन्हा आहे, पण त्या जुन्या पेट्या राहिल्या होत्या. १९६७ मध्ये रॅटक्लिफ या शास्त्रज्ञांनी त्या पेट्यांतल्या बहिरी ससाण्याच्या अंड्यांची कवचं तपासली आणि दिसलं की १९४७ च्या सुमारापासून कवच पातळ होत गेलंय. ते डीडीटी या कीटकनाशकामुळं होतं हे पुढं कळलं, आणि डीडीटीवर बंदी यायला हा पुरावा मोठा ठरला. अंडी गोळा करणाऱ्याच्या डोक्यात डीडीटी नव्हतं, तेव्हा ते शेतात आलेलंही नव्हतं. सरांच्या बरण्यांतल्या माशांत कुठला धातू, कुठलं औषध किती साठलं होतं, हे वीस वर्षांनी कुणी तपासलं असतं. आता नाही तपासता येणार.

त्यात अजून एक गोष्ट आहे. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, झूलॉजीमधलं डिसेक्शन टप्प्याटप्प्यानं कमी केलं आणि २०१४ मध्ये बंदच केलं. मला ते पटलं, वर्गासाठी एवढे बेडूक मारायची काही गरज नव्हती. पण त्याचा अर्थ असा की कॉलेजात जे जुने नमुने आहेत ते आता परत तयार होणार नाहीत. माझ्या बारावीच्या पोरांना मी फितकृमी स्क्रीनवर दाखवते, चित्र छान असतं, रंगीत असतं, पण त्या चार पेट्यांतली एक स्लाइड मी वर्गात नेली होती तेव्हा एक मुलगी मायक्रोस्कोपवरून उठेचना. तिनं विचारलं, "मॅडम, हा आपल्या उजनीचा आहे?" चिठ्ठीवर ठिकाण होतं म्हणून मला हो म्हणता आलं.

आता मूळ मुद्दा. प्राध्यापकाचं काम आपण मोजतो कशावर? २०१० पासून एपीआय म्हणजे कामाचे मार्क आले, पेपरला मार्क, पुस्तकाला मार्क, सेमिनारला मार्क, प्रोजेक्टला मार्क. नंतर कुठल्या जर्नलमधला पेपर धरायचा त्याची यूजीसी केअरची लिस्ट आली, तीही आता गेली. मोजायच्या पट्ट्या बदलत गेल्या. पण मला एवढ्या वर्षांत असा एकही फॉर्म दिसला नाही ज्यात विचारलंय की तुम्ही नमुने किती जमा केले, कुठं जमा केले, त्याचा नंबर काय. सरांनी एका वर्षी पेपर लिहिला नाही, सगळं वर्ष जुन्या स्लाइडना परत लेबल लावण्यात आणि यादी करण्यात घालवलं, त्याचा त्यांना एक मार्क मिळाला नाही. प्रमोशनच्या वेळी ते वर्ष 'काम नाही' म्हणून गेलं. ज्या माणसानं घाईत तीन नव्या जाती छापल्या असत्या तो पुढं गेला असता. ५९ मधल्या ५१ कशा तयार होतात त्याचं उत्तर बऱ्याच अंशी इथंच आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

पीएचडीचं बघा. थीसिस प्लेजरिझमच्या सॉफ्टवेअरमधून जातो, शोधगंगा या थीसिसच्या वेबसाइटवर चढतो, जगात कुठूनही वाचता येतो, हे फार चांगलं झालं. पण त्या थीसिसमधले कृमी कुठं आहेत ते कुणी तपासत नाही. व्हायव्हाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या दिवशी विद्यार्थी दोन बरण्या टेबलावर मांडतो, बाहेरून आलेले परीक्षक बघतात, फोटो होतो, आणि पुढच्या सत्राला त्या बरण्या सिंकखाली जातात.

आणि रिटायरमेंट. सरांची पेन्शन केस करायची होती तेव्हा नो ड्यूजचा फॉर्म घेऊन मीच त्यांच्याबरोबर फिरले होते. लायब्ररीची सही, ऑफिसची सही, जिमखान्याची, लॅबची. लॅबच्या रकान्यात काय, तर कपाटाच्या किल्ल्या जमा, मायक्रोस्कोप जमा. सरांनी किल्ल्या दिल्या, सही मिळाली. त्यांनी सोबत अकरा पानांची यादी पण नेली होती, कपाटनिहाय, कप्पानिहाय, कुठल्या बरणीत काय आणि त्यातले महत्त्वाचे कुठले, लाल पेन्सिलनं खुणा करून. ती घ्यायला कुणी नव्हतं, म्हणजे असं पद नाही, असं रजिस्टर नाही, अशी फाइल नाही. क्लार्कनं नम्रपणे विचारलं, "सर, ही कुठं लावू?" सर काही बोलले नाहीत, यादी घडी करून परत पिशवीत ठेवली. ती आता माझ्याकडं आहे.

म्हणून माझी मागणी लहान आहे. नो ड्यूजच्या त्या फॉर्मवर एक ओळ वाढवा, 'नमुने, स्लाइड आणि क्षेत्र नोंदवह्या यांची यादी जमा व कोणी स्वीकारली त्याची सही'. एवढं केलं तर कुणाला तरी ते स्वीकारावं लागेल, आणि स्वीकारायचं तर ठेवायला जागा लागेल. जागा विद्यापीठानं द्यावी, एक खोली, जिल्ह्यातल्या सगळ्या कॉलेजांसाठी मिळून एकच, कारण प्रत्येक कॉलेजला हे झेपणार नाही हे मलाही कळतं. लाकडी-लोखंडी कपाटं, उजेड कमी, हवा खेळती, बरण्यांतलं स्पिरिट वर्षातून एक-दोनदा बघून भरणारा एक माणूस आणि एक रजिस्टर, जे कॉम्प्युटरवर पण असेल. स्पिरिट उडून जातं, लक्ष दिलं नाही तर तीन-चार उन्हाळ्यांत बरणी कोरडी पडते, म्हणून माणूस लागतो. जे खरोखर होलोटाइप आहेत ते इथं ठेवूच नयेत असं मला वाटतं, ते पुण्याला झूलॉजिकल सर्व्हेच्या पश्चिम विभागीय केंद्रात रीतसर जमा करावेत. ही संस्था १९१६ पासून नमुने सांभाळायचंच काम करतेय, त्यांना ते जमतं. आपल्या खोलीत बाकीचं, म्हणजे आपल्या तलावांचं, आपल्या भीमा-सीनेचं. यापुढं पीएचडीला नमुन्यांचा जमा नंबर असल्याशिवाय थीसिस घेऊ नका. आणि डीएनए करणारी आजची मुलं आहेत त्यांनी एक तुकडा फॉर्मॅलिनऐवजी पक्क्या स्पिरिटमध्ये ठेवायची सवय लावावी, फॉर्मॅलिननं डीएनए खराब होतो. हे सरांच्या काळात माहीत नव्हतं, आता माहितीय.

डायऱ्यांना विसरू नका एवढं हात जोडून सांगते. बरणीपेक्षा डायरी लवकर जाते, कारण ती वही दिसते, आणि वही रद्दीत जाते. सरांच्या डायरीत फक्त कृमी नाहीत. पाण्याचं तापमान आहे, त्या दिवशी जाळ्यात काय काय आलं ते आहे, भोई लोक कुठल्या माशाला काय म्हणतात ते आहे, काही नावं तर मी दुसरीकडं कुठंच ऐकलेली नाहीत. मारुती चितमपल्ली याच सोलापूरचे, इथं जन्मले आणि जून २०२५ मध्ये इथंच गेले. जंगलातल्या माणसांच्या तोंडचे शब्द गोळा करून त्यांनी मराठीला केवढं दिलं ते सगळे जाणतात. पाण्यावरच्या माणसांचे शब्द सरांच्या डायरीत आहेत. ती सांगणारी भोई मंडळी आता म्हातारी झाली, त्यांची मुलं पुण्याला कंपनीत आहेत. मी रोज रात्री दहा-बारा पानांचे मोबाइलवर फोटो काढते, दोन डायऱ्या झाल्या, चार राहिल्या. सरांचं अक्षर बारीक आहे आणि काही पानांवर पाण्याचे, कदाचित उजनीच्याच पाण्याचे, डाग आहेत, तिथं थांबून त्यांना फोन करून विचारावं लागतं. त्यांना अजून सगळं आठवतं. हे पण एक कारण आहे घाई करण्याचं.

सरांना मी त्या दिवशीच्या ढिगाबद्दल सांगितलं नव्हतं. सहा महिने सांगितलं नाही. मग एकदा त्यांनीच विचारलं, कपाट चार मधली वरची रांग अजून नीट आहे ना, त्यात हिप्परग्याचे सगळ्यात जुने मांगूर आहेत, स्पिरिट बघायला सांग कुणाला तरी. मला खोटं बोलता आलं नाही.

त्या चार पेट्या आमच्या घरी आहेत, बेडरूमच्या कपाटात साड्यांच्या खालच्या कप्प्यात, कारण घरातली तीच जागा त्यातल्या त्यात गार. गच्चीखालची खोली आहे आमची, एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो तेव्हा भिंत रात्रीपर्यंत तापलेली असते, आणि मी रोज एक पेटी उघडून बघते की काचेखालचा डिंक पिवळा पडला का, बुडबुडे आले का. ११८ स्लाइड आहेत. ७ फुटलेल्या. सगळ्या यादीशी ताडून बघितल्या, त्यातल्या ५ सरांनी लाल खूण केलेल्या निघाल्या, त्या मी वेगळ्या कापसात गुंडाळून ठेवल्यात.

तुमच्यापैकी कुणी खोली आणि सही करणारा माणूस दिला, तर त्याच दिवशी मी पेट्या, डायऱ्या आणि ती अकरा पानांची यादी घेऊन येते. सरांनाही घेऊन येते, यादी त्यांच्या हातूनच दिली जावी अशी माझी इच्छा आहे. पुढचा उन्हाळा लागायच्या आत कळवावं ही विनंती.

आपली नम्र,
झूलॉजीची एक माजी विद्यार्थिनी, सोलापूर